ताल ज्वालामुखीची एक दिवसाची सहल: होडी, घोडा आणि तिकीट काढण्याआधी वाचायची गोष्ट

नाशिकहून फिलिपिन्सला जायचं ठरवणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये एक व्हिडिओ असतोच. उलांडीच्या (तोल सांभाळायला बाजूला बांबू बांधलेल्या) होडीतून मोठं सरोवर ओलांडायचं, मधल्या बेटावर उतरायचं, लगेच एका छोट्या घोड्यावर बसायचं आणि धुळीच्या वाटेनं अर्ध्यापाऊण तासात ज्वालामुखीच्या काठावर पोहोचायचं. खाली हिरवट पाण्याचं तळं, कडेला शहाळी विकणाऱ्या बाया. व्हिडिओ खरा आहे, पण जुना आहे. ती सहल १२ जानेवारी २०२० रोजी दुपारी संपली.

त्या दिवशी ताल ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राखेचा खांब दहा किलोमीटरहून उंच गेला, मनिलाचा विमानतळ बंद करावा लागला आणि बेटावरच्या हजारो लोकांना होड्यांतून बाहेर काढलं गेलं. ज्या वाटेनं घोडे वर जायचे तिच्यावरच जमिनीला भेगा पडल्या. विवरातलं तळं आटून गेलं, पुढे हळूहळू पुन्हा भरलं. मागे राहिलेले घोडे आणण्यासाठी लोक बंदी मोडून होड्या घेऊन परत गेले, कारण घोडा हीच त्यांची रोजीरोटी होती. तेव्हापासून बेटावर पाऊल ठेवायला मनाई आहे. फिलिपिन्सची ज्वालामुखी आणि भूकंप संस्था, जिला तिकडे सगळे फिव्होल्क्स म्हणतात, ती हे संपूर्ण बेट कायमचं धोक्याचं क्षेत्र मानते.

मग हा लेख कशाला? कारण सहल अजूनही करण्यासारखी आहे, फक्त तिचा आकार बदलला आहे. घोडा आता बेटावर नाही, सरोवराच्या वरच्या कड्यावर आहे. होडी मिळाली तर काठाकाठानं, नाही मिळाली तर नाही. आणि इंटरनेटवर जुने फोटो लावून ‘बेटावर नेतो’ म्हणणारे अजून सापडतात, त्यांच्या नादी नवखा माणूस लागू नये.

नक्की काय बघायला जातोय

एवढं समजून गेलात तर तिथला अर्धा कंटाळा वाचेल, कारण न समजता गेलेली माणसं पाच मिनिटांत सेल्फी काढून ‘एवढंच?’ म्हणतात.

ताल हे ठिकाण लुझॉन बेटावर बातांगास प्रांतात, मनिलाच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर आहे. सुमारे २३० चौरस किलोमीटरचं गोड्या पाण्याचं सरोवर, त्याच्या मधोमध ज्वालामुखीचं बेट, बेटाच्या पोटात विवर आणि विवरात पुन्हा तळं. बेटाची उंची जेमतेम ३११ मीटर. म्हणून ‘जगातला सर्वात लहान ज्वालामुखी’ असं जो तो सांगतो. ते खरं नाही. लाखभराहून जास्त वर्षांच्या काळात इथे प्रचंड उद्रेक झाले, जमीन खचली आणि त्या खचलेल्या खड्ड्यात सरोवर साठलं. म्हणजे सरोवर हाच ज्वालामुखी. सरोवराच्या वर वसलेल्या तागायताय या गावाच्या ज्या कड्यावर तुम्ही चहा पीत उभे असता तो या खड्ड्याचा काठ आहे. बेट हा त्याचा नंतर उगवलेला कोंब.

आणखी एक फसगत. कड्यावरून बेटाच्या टोकाला जो सुबक शंकू दिसतो, आणि ज्याचा फोटो सगळे ‘ताल’ म्हणून टाकतात, तो मुख्य विवर नव्हे. तो बिनिन्तियांग मलाकी नावाचा बाजूचा जुना शंकू. मुख्य विवर त्याच्या मागे, बेटाच्या मध्यभागी, बसकं आणि रुंद आहे. वाफ दिसली तर तिथून निघताना दिसेल.

आपण नाशिकचे लोक लाव्हावरच राहतो. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंगी, पांडवलेणी ज्यात कोरली ती टेकडी, सगळा बेसॉल्ट. पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा मुख्यतः जमिनीच्या भेगांतून पाझरत, पसरत, थरावर थर चढवत आला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. तालचा स्वभाव उलटा. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो, त्यातून चिकट, वायूंनी भरलेला मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर येतो, आणि वर चहूकडे पाणी. तापलेला मॅग्मा आणि पाणी भेटले की स्फोट. १९६५च्या सप्टेंबरमधल्या उद्रेकात राख आणि वाफेची लाट जमिनीलगत आडवी सुटून सरोवरावरून पलीकडे गेली, सुमारे दोनशे माणसं मेली. १९११मध्ये मृतांचा आकडा तेराशेच्या वर होता. १७५४चा उद्रेक सहा महिन्यांहून जास्त चालला, काठावरची गावं गाडली गेली. त्याआधी सरोवराचा समुद्राशी मोकळा संबंध होता, तो पान्सिपित नदीच्या मुखाशी राखेनं तुंबला. आत अडकलेल्या समुद्री माशांच्या पिढ्या गोड्या पाण्याला सरावल्या. तिथला ताविलिस हा मासा त्यामुळे प्रसिद्ध आहे: सार्डिनच्या कुळातला, आणि राहतो गोड्या पाण्यात, फक्त याच सरोवरात.

पहिलं पाऊल: विमानाआधी इशाऱ्याची पातळी

फिव्होल्क्स ताल ज्वालामुखीसाठी ० ते ५ अशा पातळ्या जाहीर करते. शून्य म्हणजे शांत. १ म्हणजे हलकी कुरबुर. २ म्हणजे कुरबुर वाढली. ३ म्हणजे मॅग्मा हलतोय. ४ म्हणजे धोकादायक उद्रेक काही तासांत किंवा दिवसांत होऊ शकतो. ५ म्हणजे तो सुरू आहे. रोजचं पत्रक इंटरनेटवर आणि फेसबुकवर येतं, बरंचसं इंग्रजीत असतं, वाचायला दोन मिनिटं लागतात.

नियम सोपा ठेवा. पातळी १ असेल तर तागायतायचा कडा आणि सरोवराचा काठ धरून बेत करा. २ झाली तर फक्त कडा, खाली उतरायचं नाही. ३ किंवा वर गेली तर त्या दिवशी मनिलातल्या इन्त्रामुरोस या जुन्या तटबंदीच्या भागात फिरा, तेही काही वाईट नाही. बेट मात्र कुठल्याच पातळीला आपल्या यादीत नाही. २०२०च्या त्या रविवारी सकाळी पातळी १ होती. दुपारी अडीचला २ झाली, चारला ३, संध्याकाळी साडेसातला ४. विवराच्या काठावर उभ्या माणसाला घोड्यावरून उतरून होडीपर्यंत पोहोचायला जो वेळ लागतो तो या हिशेबात बसवून पाहा.

पातळीबरोबर त्याच पत्रकात सल्फर डायऑक्साइडचा आकडा असतो आणि ‘व्हॉग’ आहे का तेही असतं. व्हॉग म्हणजे ज्वालामुखीच्या वायूंचं धुकं. ते साचलं की घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, काठावरच्या गावांतल्या शाळांना सुट्टी देतात. दम्याचा त्रास असलेल्या माणसानं अशा दिवशी जाऊ नये. मास्क आहे की, असं म्हणू नका. एन-९५ मास्क राख अडवतो, वायू अडवत नाही.

दुसरं पाऊल: नाशिक ते मनिला

जून २०२५पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाला पैसे असल्याचा पुरावा जवळ हवा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा, व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रावर नको. प्रवासाच्या आधीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ नावाची ऑनलाइन नोंदणी करायची असते. ती फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते चुकीचं पान आहे.

विमानासाठी दोन रस्ते. एक, मुंबई गाठून सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर किंवा हाँगकाँगमार्गे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमण्यापासून पुढे विमानतळापर्यंतची वाहतूक कोंडी तशीच आहे, तेव्हा वेळ राखून निघा. दुसरा, ओझरहून दिल्ली आणि दिल्लीहून मनिला. एअर इंडियानं ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्ली ते मनिला थेट विमान सुरू केलं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मला दुसरा रस्ता बरा वाटतो, रात्री-अपरात्री मुंबईत सामान ओढायला नको.

मनिलाचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. पहिला दिवस मनिलातच काढा, तालची सहल दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी तर मुळीच ठेवू नका.

ऋतू: डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च ते मे कडक ऊन, तरी कडा साधारण सहाशे मीटर उंच असल्यानं वर हवा बरी असते. जून ते ऑक्टोबर पाऊस आणि वादळं. २०२७चा सिंहस्थ टाळून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिकबाहेर पडायचा कुणाचा विचार असेल तर फिलिपिन्स हे त्यासाठी योग्य ठिकाण नाही.

तिसरं पाऊल: घरी थोडा सराव

हे कुणी करत नाही आणि म्हणून सांगतो. ज्यानं आयुष्यात घोड्यावर मांड ठोकलेली नाही आणि होडीत बसल्यावर पोटात कसं होतं हे ज्याला माहीत नाही, त्यानं ते परदेशात, भाड्यानं घेतलेल्या दिवशी शोधू नये. होडीसाठी गंगापूर धरणाचा बोट क्लब घरचाच आहे. होडी आणि घोडा दोन्ही एका ठिकाणी हवे असतील तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एक फेरी दोन्हींची मारा. पंधरा मिनिटांत कळतं: मांड्यांना रग लागते का, उतारावर भीती वाटते का, मुलगा घोड्यावरून उतरायलाच तयार नसतो की चढायलाच तयार नसतो. पायांसाठी पांडवलेणीच्या पायऱ्या पुरेत.

चौथं पाऊल: वाटाड्या निवडणं

मनिलातून एक दिवसाच्या सहली विकणारे पुष्कळ आहेत. फिलिपिन्सच्या पर्यटन विभागाची मान्यता असलेला वाटाड्या मागा आणि पैसे देण्याआधी त्याला लेखी तीन प्रश्न विचारा. आम्ही बेटावर उतरणार का? ‘हो’ असं उत्तर आलं तर संभाषण तिथेच थांबवा. होडी बंद असेल तर त्याऐवजी काय दाखवणार आणि किती पैसे परत? घोडा कुठे आणि किती वेळ? तिसऱ्याला ‘ते तिथे बघू’ असं उत्तर देणारा माणूस सहसा वाईट नसतो, फक्त त्यानं विचार केलेला नसतो. भाव घासाघीस करून कमी होतो, पण दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाडी घेतली तर त्याहून जास्त कमी होतो.

स्वतःहून जायचं असेल तर मनिलाच्या दक्षिणेकडच्या पिटेक्स या मोठ्या बस स्थानकावरून तागायतायकडे जाणाऱ्या बस मिळतात. स्वस्त आहे, पण कड्यावरची ठिकाणं एकमेकांपासून लांब, जीपनी (तिकडची वडाप गाडी) आणि तीनचाकी बदलत बसावं लागतं. नवख्यानं पहिल्यांदा गाडी आणि वाटाड्या घ्यावा. इंग्रजी बहुतेकांना येतं. वाटाड्याला किंवा घोडेवाल्याला ‘कुया’ म्हणून हाक मारा, म्हणजे आपल्याकडचा दादा. बाई असेल तर ‘आते’, म्हणजे ताई. चेहरे लगेच सैल होतात.

दिवस कसा जातो

मनिला पहाटे साडेपाचपर्यंत सोडा. साठ किलोमीटर ऐकायला कमी वाटतं, पण उशीर झाला तर तीन तासही लागतात. शनिवार-रविवार तर अर्धं मनिला थंड हवेसाठी तागायतायला येतं, आपल्याकडे पावसाळ्यात इगतपुरीला होतं तसंच. मंगळवार ते गुरुवार निवडा.

आधी कडा. सकाळी लवकर हवा स्वच्छ असण्याची शक्यता जास्त, नंतर ढग चढू लागतात. पिकनिक ग्रोव्ह नावाच्या जागी झाडांमधून पायवाटा आहेत, बसायला छपऱ्या आहेत आणि समोर थेट सरोवर. तिथे तासभर तरी बसा. दुर्बीण असेल तर बेटाच्या कडेला पाहा: राखेनं करपलेले उतार आणि त्यावर पुन्हा चढणारी हिरवळ दोन्ही दिसतात. त्याहून उंच जायचं असेल तर ‘पीपल्स पार्क इन द स्काय’ आहे. माजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (थोरले) यांच्या काळात सुरू झालेला आणि अर्धवट राहिलेला हा महाल. दृश्य मोठं आहे, इमारत उदास आहे. ढग असतील तर तिकडे जाऊ नका, आत शिरल्यासारखं होईल आणि काहीच दिसणार नाही.

घोडा

पिकनिक ग्रोव्हच्या परिसरातच घोड्यावरची फेरी मिळते. बेटावरच्या चढणीची सर तिला नाही, हे मान्य. पण पहिलटकरासाठी ही जागा उलट चांगली आहे: जमीन सपाट, अंतर थोडं, घोडेवाला बरोबर.

तिथले घोडे लहान असतात, तट्टूच म्हणा. जाणकारांचा एक हिशेब आहे की घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त वाहू नये, खोगिरासकट. अडीचशे किलोच्या तट्टाला म्हणजे पन्नास किलो. आता स्वतःकडे बघा. खोगिरासकट पन्नासच्या पुढे जात असाल तर मुलांना बसवा आणि तुम्ही बाजूनं चाला, घोडेवाल्याला पैसे तेवढेच द्या. मूल आपल्या पुढ्यात घेऊन दोघांनी एका घोड्यावर बसणं फोटोत गोड दिसतं, घोड्याला आणि मुलाला दोघांनाही वाईट.

निवडताना घोड्याच्या पाठीकडे आणि तोंडाकडे पाहा. खोगिराखाली जखम, लंगडणं, ओठांच्या कोपऱ्यात रक्त यातलं काही दिसलं तर दुसरा मागा. घोडेवाल्याला वाईट वाटलं तरी चालेल.

बसण्याची पद्धत: नेहमी डाव्या बाजूनं चढायचं. आधी लगाम आणि खोगिराचा पुढचा उंचवटा एका हातात, मग डावा पाय रिकिबीत. पाऊल अर्धंच रिकिबीत घाला, पूर्ण आत सारू नका, कारण पडलात तर पाय अडकता कामा नये. टाच खाली, बोटं वर. चढावर जरा पुढे वाका, उतारावर मागे रेला. लगाम खेचून धरू नका. भीती वाटली की हात आपोआप घट्ट होतो, घोड्याला ते ‘थांब’ किंवा ‘मागे हो’ असं कळतं आणि तो गोंधळतो. किंचाळायचं नाही. मागच्या बाजूनं घोड्याजवळ जायचं नाही, लाथ मागेच बसते. साडी किंवा घोळदार पंजाबी ड्रेसपेक्षा पँट बरी, चपलेपेक्षा टाच असलेला बूट बरा. हेल्मेट मागा, नसेल तर मुलांना चालण्याच्या गतीच्या पुढे जाऊ देऊ नका.

उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा. नवखे एक पाय अडकवून दुसरा फिरवतात आणि तिथेच आपटतात.

होडी

दुपारच्या आधी तालिसाय गावाकडे उतरा. कड्यावरून खाली जाणारा रस्ता तीव्र वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी कड्यावर पोटभर खाऊ नये. खाली पोहोचलात की हवा एकदम दमट होते, कारण सरोवराची पातळी समुद्राच्या पातळीहून जेमतेम काही मीटर वर आहे.

तालिसायचा काठ हाच जुन्या सहलीचा धक्का होता. इथूनच होड्या अर्ध्या तासात बेट गाठायच्या. आज सहलीच्या होड्या सुटतात की नाही हे त्या दिवसाच्या पातळीवर, स्थानिक पालिकेच्या आणि तटरक्षक दलाच्या आदेशावर ठरतं. सुटत नसतील तर काठावर जेवा, मच्छीमारांची जाळी आणि मत्स्यपालनाचे पिंजरे पाहा, परत फिरा. सुटत असतील तर काठाजवळची छोटी फेरी घ्या. पातळी १ असतानाही सरोवरावर फार वेळ रेंगाळू नये असा फिव्होल्क्सचा सल्ला असतो.

तिथल्या होडीला बांगका म्हणतात. निमुळतं अंग आणि दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या. कोकणात एका बाजूची उलांडी पाहिली असेल, इथे दोन असतात, म्हणून ती सहजासहजी कलंडत नाही. पण चढताना उलांडीवर पाय देऊ नका, होडीवाला दाखवेल त्याच फळीवरून जा. लाइफ जॅकेट बसल्यावर नव्हे, चढण्याआधी घालायचं आणि पट्टे आवळायचे. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. वारा सुटला की पाणी अंगावर उडतं, फोन पिशवीत ठेवा. मळमळ होत असेल तर मधे बसा आणि लांबच्या काठाकडे पाहत राहा.

आणि मग तो प्रसंग येऊ शकतो. होडीवाला हळूच म्हणेल, थोडे जास्त द्या, बेटाच्या किनाऱ्याला टेकवतो, पाच मिनिटं. उद्रेकानं त्याचा धंदा बुडालेला आहे, त्याचा राग धरू नका. हसून नाही म्हणा. वर चार पैसे त्याला तसेच द्यायचे असतील तर परत काठावर आल्यावर द्या.

खाणं

शाकाहारी लोकांसाठी हा भाग कडक आहे. तागायतायची शान म्हणजे बुलालो, गाईच्या नळीच्या हाडांचं सूप. प्रत्येक हॉटेलच्या फळ्यावर तेच. भाजी मागवली तरी तिच्यात माशाचा रस्सा किंवा कोळंबीची चटणी असू शकते, आणि ‘व्हेज’ म्हटल्यावर वरचे मांसाचे तुकडे बाजूला काढून देणारी माणसं भेटतात. ‘मांस नाही, मासे नाहीत, कोळंबी नाही’ असं तिन्ही वेगवेगळं सांगा. साधा भात, तळलेली केळी, उकडलेलं मक्याचं कणीस, तागायतायचे अननस यावर दिवस निघतो. पिशवीत ठेपले आणि चिवडा ठेवा. द्राक्षं किंवा इतर ताजी फळं मात्र नाशिकहून नेऊ नका, विमानतळावर फळं-रोपांची तपासणी असते.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. तळलेला ताविलिस काट्यासकट कुरकुरीत खाता येतो. पण त्याची संख्या घटलेली आहे आणि ठरावीक महिन्यांत मासेमारी बंद असते, तेव्हा नाही मिळाला तर हट्ट नको. बातांगासची बाराको कॉफी सगळ्यांनी घ्यावी. लिबेरिका जातीच्या बियांची, कडक, आपल्या फिल्टर कॉफीच्या सवयीला दणका देणारी. घरी न्यायला पाकिटं मिळतात.

पिशवीत काय

पाण्याची बाटली, टोपी, पातळ जाकीट (कड्यावर वारा असतो), कपड्यांचा एक जादा जोड, राखेसाठी एन-९५ मास्क, कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी चष्मा, कारण राख लेन्सखाली गेली तर बुबुळाला ओरखडे पडतात. रोख पेसो सुट्या नोटांत. प्रवास विमा घेताना नैसर्गिक आपत्तीमुळे विमान रद्द झालं तर भरपाई मिळते का हे विचारा, आणि विमा लवकर घ्या. पातळी वाढल्याची बातमी आल्यानंतर काढलेल्या विम्यात ते धरत नाहीत.

वेळ उरला तर

तालिसायहून दीड-दोन तासांवर ताल नावाचंच जुनं गाव आहे. मूळ गाव सरोवराच्या काठी होतं, १७५४च्या उद्रेकानंतर ते आजच्या जागी हलवलं. तिथलं सेंट मार्टिन चर्च अवाढव्य आहे, आशियातलं सर्वात मोठं असं गावकरी सांगतात. पण कडा, घोडा, सरोवर आणि हे गाव असं एका दिवसात कोंबलं तर दिवस गाडीतच जाईल. माझ्या मते गाव सोडा.

विवरापर्यंत चढायचंच असेल तर

काहींचं मन कड्यावरून बघून भरत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांनी ताल सोडून दुसरीकडे जावं.

घोड्यावरून ज्वालामुखीकडे जायचं असेल तर इंडोनेशियातला ब्रोमो. जावा बेटावर, उंची २,३२९ मीटर. वाळूच्या विस्तीर्ण मैदानावरून घोडा पायऱ्यांच्या पायथ्याशी नेतो, तिथून सुमारे अडीचशे पायऱ्या चढलं की धुमसतं विवर. काठावर गणपतीची मूर्ती आहे आणि तिथले हिंदू तेंगेर लोक कसाडाच्या उत्सवात विवरात धान्य, फळं, कोंबड्या अर्पण करतात. होडी नाही, पण नाशिकच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. भारतीयांना विमानतळावर व्हिसा मिळतो. तिथेही इशाऱ्याची पातळी असतेच, ती बघूनच जा.

होडी हवी असेल तर ग्रीसचं सांतोरिनी. तिथे होडीनं नेआ कामेनी या काळ्याकुट्ट ज्वालामुखी बेटावर उतरता येतं, विवरांपर्यंत पायी चढता येतं. शेवटचा उद्रेक १९५०चा. परतताना जुन्या बंदरावरून गावात चढायला खेचरं आणि गाढवं असतात, पण तिथे केबल कारही आहे आणि मी म्हणेन तीच घ्या. २०१८मध्ये ग्रीसनं या प्राण्यांवर शंभर किलोंहून जास्त भार न टाकण्याचा नियम केला, यावरून आधी काय चालत होतं ते समजतं. शेंगेन व्हिसा आणि खर्च दोन्ही भारी.

आणि देशातच हवा असेल तर अंदमानचं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, श्री विजयपुरमपासून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) सुमारे १४० किलोमीटर. तिथेही उतरता येत नाही, बोटीतूनच बघायचा, आणि समुद्र खवळलेला असेल तर तेही नाही. गंगापूर धरणावर ज्याचं डोकं गरगरलं त्यानं या फेरीचा विचार करू नये.